कपाळावर नागीण उठली, तर आधी डोळा सांभाळा



या पानावर आपण दर वेळी हुमणी, खोडकीड, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा यांविषयी बोलतो. आज उसाविषयी नाही, तर डोळ्याविषयी लिहीत आहे. मी काही डॉक्टर नव्हे. कृषी पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस आहे. पण गेल्या गळीत हंगामात आपल्याच एका ज्येष्ठ सभासदाच्या डोळ्याची दृष्टी माझ्या देखत गेली, आणि त्यात थोडी चूक माझीही होती. ती चूक आपल्यापैकी कोणाच्याही घरी पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. यातील वैद्यकीय माहिती नेत्रतज्ज्ञांना विचारून, समजून घेऊन मगच लिहिली आहे.

घडले ते असे

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. त्यांच्या आडसाली उसाला तोड आली होती, म्हणून मी प्लॉटवर गेलो. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वय सत्तरीच्या आतले. सांधे सुजण्याचा जुना आजार, त्यावर दोन वर्षांपासून गोळ्या चालू, शिवाय साखर. त्या दिवशी डोक्याला उपरणे घट्ट बांधून ते बांधावर बसले होते. डावा डोळा लाल, पापणी जडावलेली, कपाळाच्या डाव्या बाजूला चार-पाच बारीक फोड.

"तात्या, डोळ्याला काय झालं?"

"काय न्हाई ओ साहेब, पाचट लागलं आसंल. कपाळ मातुर दोन दिस झालं नुसतं ठणकतंय. केसाला हात लावू देत न्हाई."

उसाचे पान डोळ्याला लागणे आपल्याकडे रोजचेच. मलाही तसेच वाटले. माझ्या गाडीच्या डिकीत थेंबांची एक बाटली होती. घरात सर्वांचे डोळे आले होते तेव्हा आणलेली, अर्धी उरलेली. ती मी त्यांना दिली आणि "दिवसातनं चार वेळा घाला, उतरेल," असे सांगून पुढच्या प्लॉटवर निघून गेलो.

दोन दिवसांनी फोन केला तेव्हा तात्या म्हणाले, "लाली जरा उतरलीया." मला बरे वाटले. पण फोड वाढतच होते. घरच्यांनी ओळखले, नागीण आहे. मग गावातल्या एकीकडून गेरूचा लेप झाला, मंत्र झाला, डोळ्यावर ओला फडका झाला. सहाव्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर फोड उठला आणि डोळा उघडेना. तेव्हा सूनबाईंनी कोणाचे न ऐकता त्यांना गाडीत घातले आणि नेत्र रुग्णालय गाठले.

डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "फोड उठल्याला किती दिवस झाले?" दुसरा, "डोळ्यात काय घातले?" सूनबाईंनी ती बाटली पुढे केली. तिच्यात जंतुनाशकाबरोबर स्टेरॉइड होते.

आज तात्यांना त्या डोळ्याने समोर धरलेली बोटे मोजता येतात, एवढेच. बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर पांढरा डाग राहिला आहे आणि कपाळाची आग अजून पुरती गेलेली नाही.

नागीण म्हणजे नेमके काय

नागिणीचा सापाशी काही संबंध नाही. हा विषाणूचा आजार आहे, आणि तो विषाणू बाहेरून नव्याने आलेला नसतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, त्यांचाच हा विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो अंगातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दडून बसतो.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून येतो. लागणीच्या पिकात तो फारसा नजरेत भरत नाही, खोडव्यात मात्र उफाळून वर येतो. माणसाचेही तसेच. वय वाढले, आजाराने किंवा औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती खालावली, की दडलेला विषाणू एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने खाली उतरतो आणि त्या पट्ट्यात आधी आग, ठणका व मग पाण्याने भरलेले फोड उठवतो. म्हणूनच नागीण अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी दिसते.

"वेढा पुरा झाला, तोंडाला शेपूट मिळाली, की माणूस जातो," असे जुनी माणसे सांगतात. त्यात तथ्य नाही. नागीण सहसा मध्यरेषा ओलांडतच नाही. मात्र ज्याची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली आहे, त्याच्या अंगभर फोड पसरू शकतात. तसे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चेहऱ्याला संवेदना देणारा जो मोठा मज्जातंतू आहे, त्याच्या तीन फांद्या आहेत. वरची फांदी कपाळ, वरची पापणी, डोळा आणि नाकाचा शेंडा यांना जाते. नागीण झालेल्या दर 100 जणांपैकी साधारण 10 ते 20 जणांना ती याच फांदीवर उठते. त्यांना विषाणूवरचे औषध मिळाले नाही, तर त्यातल्या जवळजवळ निम्म्या जणांच्या डोळ्याला इजा पोचते. बुबुळ सुजते, डोळ्याच्या आत दाह होतो, आतला दाब वाढतो, कधी मागचा पडदा नासतो.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात आहे असे समजावे. जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरांनी ही खूण एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली आहे. कारण साधे आहे : नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला जाणारी बारीक फांदी एकच. पण शेंड्यावर फोड नाही म्हणून डोळा सुरक्षित आहे, असे मात्र नाही.

कोणी जास्त जपावे

प्रतिकारशक्ती खालावलेली म्हणजे माणूस दिसायला खंगलेलाच असतो असे नाही. तात्या त्या दिवशीसुद्धा बांधावर बसून मोळ्या मोजत होते. पुढील मंडळींनी विशेष जपावे :

1. मधुमेह आहे आणि साखर ताब्यात नाही, असे.
2. सांधेसूज, दमा, त्वचारोग अशा आजारांसाठी बरेच दिवस स्टेरॉइडच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, असे.
3. कर्करोगाचे उपचार चालू असलेले.
4. मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बसवलेले.
5. एच.आय.व्ही. बाधित, त्यातही औषध न घेणारे किंवा मध्येच सोडलेले.
6. साठी उलटलेले सर्वजण.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गुडघेदुखीवर बाजारात नाव नसलेल्या पुड्या मिळतात. "दोन दिवसांत पळायला लागशील," म्हणून देणारा देतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा आढळले आहे. खाणाऱ्याला पत्ता नसतो, आणि आतून प्रतिकारशक्ती ढासळत असते. 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने आपल्या राज्यात कितीजणांचे डोळे गेले, ते आपण पाहिले. ती बुरशी होती, विषाणू नव्हता; पण वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आले की डोळ्यावर काय बेतते, हा धडा तोच.

दुसरा विषाणू : ओठावरच्या फोडांचा

ताप येऊन गेला की काहींच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस उठतो. तो हर्पीस नावाचा, नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. तोही मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो आणि कधी कधी बुबुळावर उतरतो. डोळा लाल होतो, पाणी वाहते, उजेड सोसत नाही, खडा गेल्यासारखे टोचते. डॉक्टर डोळ्यात पिवळसर रंग घालून निळ्या उजेडात पाहतात तेव्हा बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम दिसते.

या जखमेवर नुसते स्टेरॉइडचे थेंब पडले तर ती आगीत रॉकेल पडल्यासारखी पसरते. गंमत अशी, की स्टेरॉइडने लाली उतरते आणि दुखणेही कमी होते. वरून आराम, आतून नाश. तात्यांची लाली उतरली तेव्हा मला बरे वाटले होते, ते याचमुळे. नागिणीतही डॉक्टर कधी कधी स्टेरॉइडचे थेंब देतात. पण विषाणूवरचे औषध चालू ठेवून, बुबुळ तपासून, मोजून देतात. ते काम आपले नाही, आणि दुकानदाराचेही नाही.

तिसरा विषाणू : न दुखता दृष्टी नेणारा

आता ज्याविषयी गावात कोणी मोठ्याने बोलत नाही, त्याविषयी. सायटोमेगॅलो नावाचा एक विषाणू आहे. तो बहुतेकांच्या अंगात निमूट राहतो, काही करत नाही. पण एच.आय.व्ही.मुळे प्रतिकारशक्ती अगदी तळाला गेली, रक्तातल्या सी.डी.4 पेशी 50 च्या खाली आल्या, की तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर हल्ला करतो. अवयव बसवलेल्या काही रुग्णांतही हे होते.

याचे लक्षण फसवे आहे. डोळा लाल होत नाही, दुखत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके, माश्या, जाळी तरंगल्यासारखी दिसते; एका कडेची नजर गेल्यासारखी होते; धूसर दिसते. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," म्हणून माणूस गप्प बसतो. तोवर पडदा नासत जातो, आणि नासलेला भाग पुन्हा येत नाही. औषधे आहेत, गोळीतून, शिरेतून किंवा थेट डोळ्यात इंजेक्शनाने दिली जातात. पण ती उरलेला पडदा वाचवतात, गेलेला परत आणत नाहीत.

1996 च्या आधी अमेरिकेत एड्सच्या दर तीन-चार रुग्णांमागे एकाला हा डोळ्याचा विकार होत असे. त्या वर्षापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले. आपल्या देशात 1 एप्रिल 2004 पासून सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ए.आर.टी. केंद्रांतून ती मिळतात. गोळी रोज वेळेवर घेतली तर प्रतिकारशक्ती टिकते आणि डोळ्यावर ही वेळ सहसा येत नाही. ज्यांना आजाराचा पत्ता उशिरा लागतो किंवा जे गोळ्या सोडतात, त्यांच्यावरच ती येते.

मुकादमांना आणि टोळी आणणाऱ्या वाहनमालकांना इथे हात जोडून विनंती आहे. मराठवाड्यातून आणि इतर भागांतून आपल्याकडे तोडीला येणारी माणसे पाच-पाच महिने गाव सोडून असतात. कोणाच्या गोळ्या चालू असतील आणि कोपीवर आल्यावर त्या संपल्या, तर माणूस लाजेपायी कोणाला सांगत नाही. कोणत्या गोळ्या, हे विचारू नका. "औषध आणायला दवाखान्यात जायचे आहे," असे कोणी म्हटले, तर त्या दिवसाचा खाडा धरू नका, एवढे पुरे. एच.आय.व्ही.विषयी माहितीसाठी 1097 हा मोफत दूरध्वनी आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवले जाते. 2017 च्या कायद्याने तसे बंधन आहे.

तरुण वयात नागीण उठली तर डॉक्टर एच.आय.व्ही.ची तपासणी सुचवतात. त्यात अपमान वाटून घेऊ नये. नागीण झाली म्हणजे तो आजार आहेच असे मुळीच नाही, पण असल्यास लवकर कळणे हिताचे.

पान लागले, डोळे आले, की नागीण?

शेतात उभे राहून कसे ओळखावे, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे.

उसाचे पान लागते तेव्हा वेळ आठवते. "सकाळी तिसरी सरी तोडताना लागलं," असे माणूस सांगू शकतो. दुखणे त्या क्षणापासून सुरू होते. हेही दाखवलेच पाहिजे, कारण पानाच्या जखमेत बुरशी शिरते आणि बुबुळ नासवते. तिथेही स्टेरॉइडचे थेंब घातकच.

डोळे येतात तेव्हा सहसा एकामागून एक दोन्ही डोळे लाल होतात, चिपडे येतात, घरात आणखी कोणाला तरी झालेले असते. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर ही साथ आली होती, ते आठवत असेलच. बहुतेकांचे आठ-पंधरा दिवसांत आपोआप बरे होते.

नागिणीत आधी कपाळाच्या आणि डोक्याच्या एकाच बाजूला आग, ठणका, मुंग्या. केसांना कंगवा सोसत नाही. एक-दोन दिवसांनी त्याच बाजूला फोड. तात्यांनी मला पहिल्याच वाक्यात हे सांगितले होते. "केसाला हात लावू देत न्हाई," हे पान लागल्याचे लक्षण नव्हे. मला ते कळले नाही.

काय करावे, काय करू नये

1. कपाळावर, पापणीवर किंवा नाकावर एका बाजूला फोड दिसले, की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू झाले तर डोळा वाचण्याची शक्यता खूप वाढते. तीन दिवस उलटले असले तरी जावेच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना डॉक्टर त्यानंतरही औषध देतात.

2. औषध दुर्मीळ नाही. एसायक्लोव्हिर नावाची गोळी गेली 40 वर्षे वापरात आहे. या औषधामागच्या संशोधनात मोठा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन या विदुषींना 1988 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोठ्या माणसाला बहुधा 800 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस देतात. पण मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर शिरेतून द्यावे लागते. म्हणून मात्रा डॉक्टरच ठरवणार.

3. फोडांवर गेरू, शेण, चुना, झाडपाला लावू नये. डोळ्यात मध, दूध, तूप घालू नये. फोड स्वच्छ व कोरडे ठेवावेत.

4. घरात उरलेले थेंब कोणाला देऊ नयेत, कोणाचे घेऊ नयेत. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावे.

5. चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. सांधेसुजेची, दम्याची, अवयव बसवलेल्याची गोळी अचानक तोडणे धोक्याचे असते. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

6. फोडांतील पाण्यापासून, ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरेपर्यंत तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि अशक्त माणसे यांना रुग्णापासून लांब ठेवावे.

7. प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला काळे ठिपके, जाळी, धूसरपणा जाणवला, तर डोळा दुखत नसला तरी बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्यावा. जिल्हा रुग्णालयाच्या नेत्र विभागात ही सोय असते.

8. नागिणीची नवी लस 2023 पासून आपल्या देशात मिळते. 50 वर्षांवरील लोकांसाठी ती दोन मात्रांत देतात. किंमत बरीच आहे. यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही डॉक्टर ती सुचवू शकतात. आपल्या प्रकृतीला योग्य का, हे त्यांनाच विचारावे.

शेवटी

गेल्या महिन्यात ऊस नोंदीसाठी तात्यांकडे गेलो होतो. मी त्या बाटलीबद्दल पुन्हा माफी मागितली. ते म्हणाले, "आवो, तुमी चांगल्यासाठीच दिलं. पर आता दुसऱ्या कुणाला दिऊ नका, आन आमच्यावानी कुनी बसलेलं दिसलं तर गाडीवर घालून न्या." एवढे बोलून त्यांनी सात-बारा पुढे केला आणि कागद डोळ्याजवळ, उजव्या डोळ्याजवळ, नेऊन गट नंबर मला वाचून दाखवला.

त्यांच्या सांगण्यावरून मी आमच्या विभागातल्या सर्व चिटबॉयना सूचना दिली आहे. पाहणीला गेल्यावर कोणाच्या कपाळावर एका बाजूला फोड दिसले, तर नोंद नंतर, आधी त्याला ग्रामीण रुग्णालयात पोचवायचे. माझ्या डिकीतली थेंबांची बाटली मी केव्हाच टाकून दिली आहे. आपल्याही घरात, ट्रॅक्टरच्या पेटीत, फडताळात अशी अर्धवट बाटली असेल. आज हा अंक वाचून झाला, की ती शोधा आणि टाकून द्या.

तोड आठ दिवस लांबली तर वजनात थोडे नुकसान होते. ते पुढच्या खोडव्यात भरून काढता येते. डोळ्याचे तसे नाही. तिथे तीनच दिवस मिळतात.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी